तीन घरांचा शब्द

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसतं आणि जोडाक्षर हे एकच अक्षर धरतात, हे मी उजव्या हाताच्या बोटांवर शिकले. शब्द होता ‘रक्त’. कोड्यात त्याला दोन घरं होती. मी चिंचवडच्या इंग्रजी शाळेत चौथीत होते आणि मला त्यात तीन अक्षरं दिसत होती: र, क, त. पप्पांनी वरच्या खिशातली स्टीलची पट्टी काढली, माझा हात टेबलावर पालथा ठेवला आणि पट्टीच्या धारेनं बोटांच्या सांध्यांवर मारलं.

“र.” एक फटका. “क्त.” दुसरा फटका. “किती झाली?”

“दोन.”

“शाबास. लिही.”

ती पट्टी सहा इंची होती. पप्पा कंपनीत इन्स्पेक्शनला होते आणि तिथल्या सगळ्यांच्या खिशात पेनाशेजारी अशी एक पट्टी असायची. तयार झालेला माल पप्पांच्या टेबलावर येई. ते तो मोजून पाहत, आणि खोट सापडली की त्यावर लाल रंगाचा ठिपका देत. ठिपका पडलेला नग पुढे जात नसे, मग तो करणाऱ्यानं कितीही गयावया करू दे. पप्पांना या गोष्टीचा अभिमान होता. घरीही ते सतत मोजत असत. पोळीचा घेर, चहातली साखर, माझ्या वेणीची लांबी. फक्त घरी लाल रंगाचा डबा नव्हता.

सकाळी पेपर येई, त्यानंतर कोपऱ्यावर कंपनीची बस. या दोन्हींच्या मधे कोडं सुटलं पाहिजे असा पप्पांचा नेम होता. ते शाईच्या पेनानं लिहीत. खोडणं, गिरवणं, दोन पर्याय कोपऱ्यात लिहून ठेवणं त्यांना चालत नसे. बस हॉर्न वाजवायच्या आत सगळी घरं भरली तर दिवस बरा जाई. एखादं घर रिकामं राहिलं तर त्याची भरपाई कुणाला तरी करावी लागे. बहुतेक वेळा आईला. म्हणून मी शाळेच्या लायब्ररीत मधल्या सुट्टीत बसून मराठी शब्दकोश वाचत असे. वर्गातल्या मुली मला पुस्तकी किडा म्हणत. मी त्यांना काही सांगितलं नाही. आईच्या पाठीचा शब्दकोशाशी काय संबंध आहे हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं, तेही मला माहीत नव्हतं.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धवट राहील. उत्तर बरोबर आलं की पप्पा त्यामागची माहिती सांगत, आणि ती फार छान सांगत. पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांनी आणले. तारीख अरबी. अडकित्ता कानडी. इस्त्रीसुद्धा पोर्तुगीज, हे ऐकून मी इतकी चकित झाले होते की दिवसभर तो शब्द मनात घोळवत होते. आजही कोड्यात यातलं काही आलं की मला दोन गोष्टी एकदम आठवतात. इस्त्री पोर्तुगीज आहे, आणि तिचं टोक आईच्या दंडावर तिकोनी उमटतं. अडकित्ता कानडी आहे, आणि तो भिंतीवर बसला तर गिलाव्याचा पोपडा पडतो, भुवईवर बसला तर टाके पडतात.

‘परशु’ आला होता त्या दिवशी पप्पांनी त्या शस्त्राच्या धन्याची गोष्ट सांगितली होती. बापानं हुकूम केला, थोरल्या मुलांनी मान खाली घातली, धाकट्यानं मात्र एका घावात आईचं शिर उडवलं. बाप खूश. वर माग म्हणाला.

“मग त्यानं काय मागितलं?” मी विचारलं.

“आईला परत जिवंत करा म्हणाला. ती उठली, डोळे चोळले, लागली कामाला.” पप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. “बायकांचं काही बिघडत नाही गं. उठतात परत.”

आत स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आई चाकणच्या अलीकडच्या एका गावातली. सातवीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकलेली. लग्नानंतर पप्पांनी तिची बोली सुधारून घेतली होती. ‘व्हय’ म्हटलं की तोंडावर एक, ‘न्हाई’ म्हटलं की दुसरी. मला कळायला लागलं तोवर ती पेपरातल्यासारखं बोलत होती, आणि तेही कमीच. कोड्यात ती पडत नसे. एकदाच पडली होती. पप्पांनी “बैलाच्या नाकातली दोरी, तीन घरं” असं मोठ्यानं वाचलं. स्टोव्हच्या आवाजात तिला नाक ऐकूच आलं नाही. ती आतून म्हणाली, “कासरा.” पप्पांनी शाईनं कासरा लिहिलं. मग उभे शब्द जुळेनात. उत्तर वेसण होतं. शाईनं लिहिलेलं ते खोडणार नव्हते. ते उठले, आत गेले आणि तिचं डोकं ओट्याच्या कडप्प्यावर तीन वेळा आपटलं. प्रत्येक वेळी एक अक्षर म्हणत. वे. स. ण.

मी अकरावीत गेले त्या वर्षी पप्पांच्या कंपनीत संप झाला. माझा मामा त्याच कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवर होता. पप्पांनीच त्याला चिकटवलं होतं, आणि हे ते त्याला दर सणाला जेवताना ऐकवत. “दाजी, आवो उपकार मोजून ठिवलेत काय पट्टीनं?” असं मामा हसत म्हणे आणि आणखी भात घेई. संपात मामा फाटकाबाहेर बसला. पप्पा आत जात राहिले. आत जाणाऱ्यांची बस जाळ्या लावून यायला लागली. एका सकाळी तिच्यावर दगड पडले. पप्पांच्या शेजारी बसलेल्या माणसाचा डोळा गेला. पप्पा त्याच्या रक्तानं माखलेला शर्ट घालूनच घरी आले. तो शर्ट आईनं मिठाच्या पाण्यात भिजवला. पप्पा टेबलाशी बसून म्हणत होते, “एकेकाचं नाव माहीत आहे मला. एकेकाचं.”

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आमच्या दारावर डांबरानं एक शब्द लिहिलेला होता. हातभर अक्षरं, खाली ओघळ आलेले. फितुर. आई रॉकेल आणि नारळाची शेंडी घेऊन दार घासत होती. अक्षरं पसरून तपकिरी झाली, पण वाचता येतच होती. शेजारची दारं बंद होती.

पप्पा आले. दारासमोर उभे राहिले. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि मधल्या अक्षराच्या खाली टेकवली.

“‘तू’ दीर्घ हवा,” ते म्हणाले. “साल्यांना शिवीसुद्धा शुद्ध लिहिता येत नाही.”

नंतर ते आत आले आणि दार लावलं. “हे तुझ्या भावाचं काम आहे,” आईला म्हणाले.

“तो नाही असं करणार.”

“मग कोण? त्याला आमचं दार माहीत आहे. माझ्या घरचं खाऊन माझ्याच दारावर.” त्यांनी तिचा उजवा हात धरला आणि मनगट फिरवलं. घट्ट बसलेला नळ फिरवावा तसं, सावकाश, जोर वाढवत. एक बारीकसा आवाज आला. आई ओरडली नाही. ती खाली बसली आणि तिला लाथ बसली, मग आणखी एक. मी मधे गेले तेव्हा माझ्या डोक्याला भिंत लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. कोडं रचणाऱ्याला आमच्या दाराची काय कल्पना असणार? पण शब्द आला खरा. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पप्पांनी बाकी सगळं कोडं भरून टाकलेलं होतं. पेनाचं टोपण काढून ठेवलेलं, पट्टी बाजूला.

“शत्रूला आतून मिळालेला,” ते वाचू लागले. “तीन घरं. पहिलं फि, शेवटचं र. मधलं रिकामं.”

त्यांना उत्तर येत होतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तो शब्द आमच्यापैकी कुणाच्या तोंडून येतो ते त्यांना ऐकायचं होतं. जी म्हणेल ती त्यांच्या दारावर लिहिणाऱ्यांची, असा हिशेब होता.

“सांग ना गं. एवढ्या डिक्शनऱ्या वाचतेस.”

“फिकीर,” मी म्हणाले.

“काय?”

“फिकीर. ‘की’ बसतं मधे.”

“फिकीर म्हणजे काय?”

“काळजी.”

“शत्रूला आतून मिळालेली काळजी?” ते खरोखर हसले. “याच्यासाठी तुझी इंग्रजी शाळा केली मी? हात ठेव.”

मी हात ठेवला. पट्टीची धार पडली. “पुन्हा सांग.” मी पुन्हा फिकीर म्हणाले. इंग्रजी माध्यमातली मुलगी अडाणी असते यावर त्यांचा विश्वास होता, आणि मला तेवढाच आडोसा होता. मला हेही माहीत होतं की ते मला मारत असतात तोवर त्यांचे हात मोकळे नसतात. आता फक्त बस यायला हवी होती.

“आईला विचार तुझ्या,” ते म्हणाले. “तिला पाठ आहे. काल दुपारभर घासत होती.”

आई दारात आली. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. मनगट कोपराएवढं सुजलं होतं. तिनं तोंड उघडलं.

“फिकीर, पप्पा,” मी मोठ्यानं म्हणाले. “फिकीरच आहे.”

या वेळी पट्टी नव्हती, तळहात होता, कानावर. कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि त्या आवाजाच्या पलीकडून हॉर्न ऐकू आला. पप्पा थांबले. टोपण लावून पेन खिशात ठेवलं, पट्टी पुसून खिशात ठेवली. मधलं घर त्यांनी रिकामंच सोडलं. दारातून म्हणाले, “तुझ्या भावाला निरोप दे. रविवारपर्यंत इथे येऊन पाय धरले तर ठीक. नाहीतर सोमवारी त्याचं नाव ऑफिसात देतो, डांबराचं आणि दगडाचं पण. नोकरी तर जाईलच, पोलीस काय करतात ते बघून घेईल तो.”

बस गेली. आई पप्पांच्या खुर्चीत बसली. मी तिला त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिनं पेपर पुढे ओढला, माझ्या दप्तरातलं पेन मागितलं आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या रेघांनी, मधल्या घरात एक अक्षर लिहिलं. तु. ऱ्हस्व.

“आई, दीर्घ,” मी म्हणाले. सवयीनं.

“आमच्या शाळेत असाच शिकवला,” ती म्हणाली. “चल, कपडे घे.”

पेपर तिनं टेबलावर पप्पांना दिसेल असा ठेवला. आम्ही भोसरीच्या नाक्यावरून मामाच्या गावची एसटी धरली. इंद्रायणीच्या पुलावर तिनं एकदा मागे वळून पाहिलं, कंपनीची बस मागून येतेय का ते बघितल्यासारखं. गावच्या हाडवैद्यानं मनगट बसवताना ती पहिल्यांदा ओरडली. तिचं ओरडणं कसं असतं ते मला तोवर माहीतच नव्हतं.

मामाला निरोप सांगितला तेव्हा तो म्हणाला, “म्या न्हाई लिव्हलं, आक्का. आयच्यान. पर लिव्हलं आसतं तर आसंच लिव्हलं आसतं.” आणि हसला. मग त्याची बायको रडायला लागली आणि तो हसायचा थांबला. घरात दोन लहान मुलं होती. जमीन वाटण्यांत संपत आलेली. सोमवारी नाव गेलं तर पुढे काय, हे सगळ्यांना दिसत होतं.

रविवारी पप्पा आले. इस्त्रीची पँट, खिशात पट्टी आणि पेन, हातात चार घड्या घातलेला तो पेपर. मामा अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता.

“या दाजी. आत या, च्या घ्या.”

“तुझ्याकडे नाही आलो,” पप्पा म्हणाले. ते आईसमोर उभे राहिले आणि पेपर उलगडला. “मला वाटलं होतं हा भावाचा हात आहे. हे अक्षर बघ. दारावर हेच. तोच ऱ्हस्व तु, तीच वाकडी शेपटी. एकाच डायमधून दोन नग आले की दोघांत खोट एकाच जागी येते. इन्स्पेक्शनमध्ये जन्म गेला माझा. तू लिहिलंस माझ्या दारावर.”

ते अक्षर वाकडं का होतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आईच्या उजव्या मनगटाला बांधलेल्या पट्ट्या त्यांच्यासमोर होत्या. मी आईकडे पाहिलं. तिनं मामाकडे पाहिलं, मामाच्या दारातल्या मुलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळलं. कोड्यात उभा शब्द सापडला की आडवा आपोआप सुटतो, तसं.

“व्हय,” ती म्हणाली. “म्याच लिव्हलं.”

मी तिला ‘व्हय’ म्हणताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

“काय म्हणालीस?”

“म्या लिव्हलं. दारावरबी आन् ह्येबी. जावा, सांगा हापिसात. माझ्या बायकूनं माझ्या दाराला डांबर फासलं म्हून सांगा. समद्या कंपनीला सांगा.”

पप्पांचा हात खिशाकडे गेला. पट्टी वर गेली आणि आईच्या तोंडावर यायच्या आत मामा मधे होता. धार मामाच्या गालावर बसली आणि गाल डोळ्याखालून ओठापर्यंत उघडला. मामानं हात लावून पाहिलं. हात लाल झाला. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाचे दंड कसे असतात हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यानं पप्पांना शर्टाला धरून उचललं आणि म्हशीच्या पाण्याच्या दगडी डोणीवर फेकलं. डोकं डोणीच्या काठावर आपटलं. ते उठायला लागले तर मामानं पुन्हा पाडलं, आणि मग मामा मोजत नव्हता. लाथ, बुक्की, पुन्हा लाथ. म्हैस दावं ताणून ओरडत होती. पप्पांचा चष्मा मामाच्या टाचेखाली फुटला. पप्पांच्या नाकातून रक्त येत होतं आणि ते शर्टावर पडत होतं. माझ्या मनात आलं की याला मिठाचं पाणी लागेल.

आई उभी होती. बराच वेळ उभी होती.

“पुरं,” ती शेवटी म्हणाली. “मरंल त्यो. मग तू जाशील आत.”

मामा थांबला. पप्पा हातांवर रांगत चष्मा शोधत होते. त्यांच्या मुठीत काचा आल्या. कुणी त्यांना हात दिला नाही, मीही नाही. मला त्या वेळी काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगत नाही. ते उठले, पँट झटकली, फाट्याच्या दिशेनं चालत गेले. पेपर डोणीत पडला होता. शाई पाण्यात सुटत होती.

मामाचं नाव ऑफिसात गेलं नाही. डांबराचा विषय काढायचा तर पप्पांना बायकोचं सांगावं लागलं असतं, आणि मामाचं नाव कशासाठीही घेतलं तर अंगणात खाल्लेल्या माराचं. आईनं ते बरोबर जोखलं होतं. संप मिटला तेव्हा मामा कामावर गेला. प्रेसवरची माणसं गालावरच्या टाक्यांवरून त्याची थट्टा करत, तेव्हा म्हशीचं शिंग लागलं असं तो सांगे. दारावर नेमकं कुणी लिहिलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही पप्पांकडे परत गेलो नाही.

आता मी पिंपरीत एका ऑफिसात टायपिंग करते. आई आणि मी दोन खोल्यांत राहतो. सकाळी पेपर येतो आणि मी कोडं सोडवते, पेन्सिलीनं. अडलं की तसंच सोडून निघते. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं, म्हणून ऑफिसात मी भिंतीकडे डावी बाजू करून बसते. फितूर हा शब्द एकदा मी ऑफिसजवळच्या वाचनालयातल्या जाड कोशात पाहिला. अरबीतून आला आहे. मुळात अर्थ ढिलेपणा, बिघाड, असा काहीतरी. पप्पांना ही माहिती आवडली असती. एखाद्या नगावर लाल ठिपका द्यावा तसा शब्द.

गेल्या महिन्यात तो पुन्हा कोड्यात आला. मधलं घर राहिलं होतं. आई ओट्याशी खोबऱ्याच्या वड्या थापत होती.

“आई, फितूरमधला तू कोणता?”

“ल्हान,” ती मागे न बघता म्हणाली. आता ती घरात अशीच बोलते.

मी लहान लिहिला.

थाळीतलं मिश्रण निवलं तसं तिनं कप्प्यातून ती पट्टी काढली. त्या रविवारी अंगणात पडलेली तिनं उचलून ठेवली होती, घासूनपुसून. वड्या पाडायला तिच्याइतकं चांगलं काही मिळत नाही असं ती म्हणते. धार सरळ, इंचांच्या खुणा आहेतच, सगळ्या वड्या एका मापाच्या पडतात. शेजारणी कौतुक करतात. ती बशी भरून माझ्यासमोर ठेवते.

मी त्या वड्या खात नाही. आई बशी तशीच ठेवते, आणि आग्रह करत नाही.